ग्वाल्हेरचं ऊन आणि गाडीच्या काचा: सनफिल्म निवडण्याआधी काय पाहावं

आमची पहिली गाडी आम्ही ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतली. त्या वर्षी रोड टॅक्समध्ये सूट होती, त्यामुळे ओळखीतल्या चार-पाच घरांनी एकदमच गाड्या घेतल्या. किल्ली हातात पडायच्या आधीच प्रश्न आला, "सनफिल्म लावून देऊ? किती काळी हवी?" जानेवारीची कडाक्याची थंडी होती, सकाळी दहापर्यंत धुकं उठत नव्हतं. उन्हाचा विचार कोण करणार? "मध्यम काळी द्या," म्हणालो आणि अर्ध्या तासात फिल्म लागलीही.

पुढच्या दोन वर्षांत त्या फिल्मने जे दाखवायचं ते सगळं दाखवलं. पहिल्या मे महिन्यात गाडी फिल्म नसावी तितकीच तापली. दुसऱ्या उन्हाळ्यात फिल्मचा रंग जांभळा झाला आणि मागच्या काचेवर फुगे आले. मध्ये एक चालान झालं. शेवटी फिल्म काढताना मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, दोन रेषा तुटल्या, त्या आजही तशाच आहेत. दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. कायदा वाचला, काच मोजून घेतली, तीन दुकानं फिरलो. नवीन गाडी घेणारी आपली मंडळी दर मेळ्यानंतर हेच विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "किती काळी?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: काच आणि फिल्म मिळून उजेड किती आत येतो, आणि उष्णता किती अडते? हे दोन वेगळे आकडे आहेत.

१. आधी कायदा नीट समजून घ्या

हे प्रकरण लांब आहे, पण टाळू नका. दुकानदार याबाबतीत अर्धवट सांगतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० काचांबद्दल आहे. त्याप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. उजेड आरपार जाण्याच्या या मापाला दुकानात व्हीएलटी म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी काच स्वच्छ. नवीन माणूस इथे हमखास उलटा गोंधळ करतो. "पन्नासची फिल्म" म्हणजे पन्नास टक्के काळी असं त्याला वाटतं, आणि "वीसची" त्याहून सौम्य वाटते. प्रत्यक्षात वीसची फिल्म म्हणजे जवळजवळ काळोख.

२०१२ पर्यंत लोक याच टक्केवारीच्या आधारावर फिल्म लावत होते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला: काचेला काळी फिल्म, मग ती कितीही टक्क्यांची असो, किंवा दुसरं कुठलंही साहित्य लावायचं नाही. ४ मेपासून तो देशभर लागू झाला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की टक्केवारीची अट काचेसाठी आहे आणि ती काच बनवतानाच पाळली गेली पाहिजे. नंतर वरून काही चिकटवण्याची मुभा नियमात नाही. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, हा गुन्हेगारी रोखण्याचा मुद्दाही त्यात होता.

त्यानंतर २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम १०० मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. "सुरक्षा काच" या शब्दांच्या जोडीला "सेफ्टी ग्लेझिंग" आलं. भारतीय मानकाप्रमाणे त्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. याच दुरुस्तीच्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही, आणि ही मोकळीक फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीपुरती नाही, मालकालाही आहे.

दुकानदार तुम्हाला हा शेवटचा परिच्छेद सांगतो आणि थांबतो. "आता सगळं लीगल झालं, भाईसाहब." पण केरळचा निकाल मध्य प्रदेशातल्या पोलिसांवर बंधनकारक नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल रद्द झालेला नाही. केरळच्या निकालाचा आधार देऊन वकील तुमची बाजू मांडू शकेल, नाक्यावरचा हवालदार मात्र काच बघून चालान करू शकेल.

आपल्या ग्वाल्हेरकरांना यात एक जास्तीची अडचण आहे. आग्र्याला निघालो की मुरैनापर्यंत मध्य प्रदेश, चंबळचा पूल ओलांडला की धौलपूर म्हणजे राजस्थान, आणि पुढे उत्तर प्रदेश. सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन राज्यांचे पोलीस. "आमच्या इथे कोणी अडवत नाही" या भरवशावर लावलेली फिल्म पुलापलीकडे अडवली जाते. माझं चालान असंच झालं.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपयांपर्यंत. राज्यं तडजोडीची रक्कम आपापली ठरवतात. पैशापेक्षा जास्त बोचतं ते वेगळंच: जागेवरच फिल्म ओरबाडून काढायला लावतात.

तेव्हा अगदी निर्धोक राहायचं असेल तर फिल्म लावूच नका, आणि थेट सातव्या पायरीवर जा. लावायचीच असेल तर मर्यादेच्या आत, मोजून आणि कागदपत्रांसह लावा. तरीही चालान होऊ शकतं हे धरून चाला.

२. उन्हात काय काय असतं, आणि फिल्म कशाला अडवते

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा आपल्याला दिसतच नाही. ती अवरक्त किरणांची, म्हणजे इन्फ्रारेड असते. चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणारा उजेड असतो, आणि थोडीशी अतिनील, म्हणजे यूव्ही. यातूनच कळतं की काळेपणाने दिसणारा उजेड अडतो, पण न दिसणारी निम्मी उष्णता बिनदिक्कत आत येऊ शकते. माझी पहिली फिल्म काळी होती आणि गाडी तापत होती, त्याचं कारण हेच. उलट चांगली सिरॅमिक फिल्म जवळपास पारदर्शक असूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवते.

फिल्मच्या माहितीपत्रकावर चार आकडे असतात. व्हीएलटी वर सांगितलं. यूव्ही रिजेक्शन बहुतेक सगळ्या बऱ्या फिल्मांचं ९९ टक्के असतं, त्यामुळे त्यावरून फिल्म निवडू नका. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, ती मुळातच जवळजवळ सगळी यूव्ही अडवते. बाजूच्या काचांमधून मात्र त्यातला बराच भाग आत येतो, म्हणून त्वचेची काळजी असणाऱ्यांना तिथेच फायदा दिसतो.

आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, रिजेक्शन हा सगळ्यात फसवा आकडा. "९५ टक्के" छापलेलं असतं, पण ते बऱ्याचदा अवरक्त पट्ट्यातल्या एखाद्या निवडक तुकड्यावर मोजलेलं असतं, सगळ्या उन्हावर नाही. म्हणून चौथा आकडा विचारा: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते. पारदर्शक सिरॅमिक फिल्मला हा ४० ते ५० च्या दरम्यान मिळाला तर चांगलं समजा. तोही बहुतेक वेळा साध्या पांढऱ्या काचेवर मोजलेला असतो. आपल्या गाड्यांची हिरवट काच आधीच थोडी उष्णता खाते, त्यामुळे फिल्मने जास्तीचा फरक छापलेल्या आकड्यापेक्षा कमी जाणवतो.

दुकानात एक प्रयोग दाखवतात. लाल दिवा पेटवतात, मध्ये फिल्म धरतात आणि मागे हात ठेवायला सांगतात. हात थंड राहतो आणि गिऱ्हाईक पैसे काढतं. त्या दिव्यातून मुख्यतः अवरक्तच येतं, म्हणून सिरॅमिक फिल्म तिथे जादूसारखी वाटते. प्रयोग खोटा नाही, पण तो दिवा म्हणजे आपलं ऊन नव्हे.

३. तुमची काच मोजून घ्या

सगळ्या लेखातली ही एकच पायरी केलीत तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

कंपनीतून येणारी काच शंभर टक्के पारदर्शक नसते. बाजूची हिरवट काच सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास उजेड आत सोडते. फिल्म त्याच्यावर बसते, म्हणजे दोन्ही टक्केवाऱ्यांचा गुणाकार होतो.

तिसऱ्या दुकानातल्या कारागिराकडे व्हीएलटी मीटर होतं. साबणाच्या वडीएवढे दोन तुकडे, आतून लोहचुंबक. काच अर्धी खाली घेऊन त्याने एक तुकडा आतून आणि दुसरा बाहेरून धरला, ते टपकन एकमेकांना चिकटले. छोट्या पडद्यावर आकडा आला ७४. ही माझी कोरी काच. मग त्याने "सत्तरची" म्हणून विकल्या जाणाऱ्या फिल्मचा पंजाएवढा नमुना ओल्या काचेवर चिकटवला, पट्टीने पाणी काढलं आणि पुन्हा मोजलं. ५३. ढोबळ हिशोबही तेच सांगतो: ७४ चे ७० टक्के म्हणजे ५२ च्या जवळपास. मग मी मुद्दाम "पन्नासची" लावायला सांगितली, जी आधीच्या दोन्ही दुकानांनी मला "पूर्ण कायदेशीर" म्हणून दिली असती. मीटरवर आकडा आला ३८.

म्हणजे पन्नासची फिल्म ५० टक्क्यांच्या नियमात बसतच नाही. केरळच्या निकालातसुद्धा नाही. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो आणि कायदा काचेतून शेवटी येणारा उजेड मोजतो, एवढा साधा फरक आहे, आणि याच फरकात शेकडो गाड्या अडकतात. बाजूच्या काचांना सत्तर किंवा त्याहून स्वच्छ फिल्मच चालते.

पुढच्या काचेचा हिशोब तर आणखी घट्ट आहे. समजा ती ७६ टक्के उजेड सोडते. नव्वदची, म्हणजे जवळपास न दिसणारी फिल्म लावली तरी ६८ वर येते. नियम ७० चा. म्हणून पुढच्या काचेला काहीही लावू नका. मागच्या काचेलाही तोच नियम.

४. फिल्मचे प्रकार

रंगाची, म्हणजे डाय केलेली फिल्म सगळ्यात स्वस्त. ती उष्णता शोषते, परत फेकत नाही, त्यामुळे काचच तापते आणि आत धग येते. दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते. घेऊ नका.

धातूचा थर असलेली फिल्म उष्णता बरी अडवते, पण बाहेरून आरशासारखी चमकते आणि रेडिओ लहरींना आड येते. जीपीएस, मोबाइलची रेंज आणि फास्टॅग, तिन्हींना त्रास होऊ शकतो. आग्र्याच्या वाटेवर टोलवर उभं राहून मागच्यांचे हॉर्न ऐकायचे नसतील तर टाळा.

कार्बन फिल्म जांभळी पडत नाही, लहरी अडवत नाही, उष्णता मध्यम अडवते. पण बाजारात ती बहुतेक गडद छटांमध्येच मिळते, म्हणजे आपल्या हिशोबात बसणारी क्वचितच.

उरली सिरॅमिक. महाग, पण पारदर्शक राहून उष्णता अडवणारी हीच. मला सांगितलेल्या भावांमध्ये रंगाची फिल्म आणि नावाजलेली सिरॅमिक यांच्यात पाच-सहापट फरक होता. मी फक्त बाजूच्या चार काचांना लावून खर्च आटोक्यात ठेवला. भारतात थ्रीएम, लुमार, गरवारे अशा कंपन्यांच्या फिल्मा मिळतात. गरवारेचा कारखाना तर आपल्या छत्रपती संभाजीनगरातला. कंपनी कुठलीही घ्या, पण फिल्मचं मॉडेल नेमकं कुठलं ते विचारा. एकाच कंपनीच्या साध्या आणि सिरॅमिक अशा दोन्ही फिल्मा असतात, आणि नुसत्या नावावर साधी फिल्म सिरॅमिकच्या भावात गळ्यात मारली जाते.

५. दुकान निवडताना

मीटर नाही त्या दुकानात जाऊ नका. माझ्यासाठी ही पहिली चाळणी.

रोल खोक्यासकट बघायला मागा. खोक्यावरचं मॉडेल, बॅच क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जुळतो का बघा. काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर वॉरंटी नोंदवता येते, ती दुकानातच उभं राहून नोंदवून घ्या. "कार्ड नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याचं कार्ड येत नाही.

फिल्म कशी कापणार ते विचारा. मशीनवर तुमच्या गाडीच्या मापाने कापून आणली तर उत्तम. नाहीतर कारागीर ती काचेवर ठेवून ब्लेडने कापतो, आणि हात जड असेल तर काचेवर किंवा रबरावर कायमचा चरा उमटतो. आमच्या पहिल्या गाडीच्या उजव्या मागच्या दाराचं रबर असंच कापलं गेलं आणि पावसाळ्यात तिथून पाणी झिरपू लागलं.

जागा बंदिस्त आणि धूळ नसलेली हवी. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, वरून लूचे, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याचे, झोत येत असताना लावलेल्या फिल्मखाली धुळीचे कण अडकतातच. आपल्याकडे मे-जूनमध्ये हवेत जी धूळ असते ती सांगायला नको. माझ्या मते फेब्रुवारी-मार्च हे योग्य दिवस: हवा कोरडी असते, लू सुरू झालेली नसते आणि मेळ्यातली घाईही सरलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलीत तर वाळायला आठवडे जातात.

शेवटचा प्रश्न विचाराच: "लावल्यावर चारही काचा मीटरने मोजून आकडे बिलावर लिहून द्याल का?" जो कां कूं करेल त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

६. लावण्याच्या दिवशी, आणि नंतरचा महिना

गाडी आदल्या दिवशी धुऊन आणि आतून व्हॅक्यूम करून न्या. दारांचे खिसे रिकामे करा. पूर्ण वेळ तिथे थांबा. बाजूच्या काचांना अडीच-तीन तास लागतात, घाईने तासाभरात उरकणारा माणूस नको.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूने लागते. काच साबणाच्या पाण्याने भिजवून ब्लेडने साफ करतात, फिल्म सरकवून जागेवर आणतात, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढतात. हे सगळं पाणी दाराच्या आतल्या बाजूने खाली उतरतं, आणि तिथेच काचेची बटणं असतात. दाराच्या पॅडवर आणि बटणांवर जाड टॉवेल टाकल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

लागल्यावर प्रत्येक काच उजेडाकडे धरून बघा. धुळीचा कण, केस, नखाएवढी घडी असेल तर त्याच वेळी बदलून मागा. धूसरपणा आणि पाण्याचे बारीक थेंब मात्र पहिले काही दिवस राहतातच, ते वाळले की जातात. हवेचा फुगा आणि पाण्याचा थेंब यातला फरक बोटाने दाबून कळतो, पण स्वतः दाबू नका, कारागिराला दाखवायला सांगा. काचेच्या वरच्या कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सुटलेली दिसेल. ती मुद्दाम सोडलेली असते, नाहीतर काच वर-खाली होताना फिल्म उचकटते.

चार-पाच दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आमच्याकडे बाबांना टोलवर काच खाली करायची सवय, म्हणून मी चारही बटणांवर कागदी टेप चिकटवली होती. महिनाभर आतून काच पुसू नका. पुढेही अमोनिया असलेला काच-क्लीनर वापरू नका, त्याने फिल्म खराब होते. ओला मऊ मायक्रोफायबर पुरतो.

७. फिल्मशिवायही बरंच होतं

उभ्या गाडीत फिल्मचा फायदा मर्यादित आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या छावणी भागात भर दुपारी तीन तास गाडी उघड्यावर ठेवली तर आतली हवा फिल्म असो-नसो भट्टीच होते. फरक पडतो तो चालत्या गाडीत: हातावर, मांडीवर ऊन चटका देत नाही आणि एसीचा गारवा लवकर जाणवतो.

म्हणून फिल्म लावणाऱ्यांनी आणि न लावणाऱ्यांनीही हे करावं. गाडी उभी करताना पुढच्या काचेमागे आतून चंदेरी पत्र्यासारखा घडीचा पडदा लावा. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचतं, आणि गाडी उभी असल्यामुळे नियमाचा प्रश्न येत नाही. निघताना आधी काढा. बसण्याआधी एका बाजूची काच खाली करून पलीकडच्या बाजूचं दार चार-पाच वेळा उघडझाप करा, साठलेली तप्त हवा बाहेर जाते. मग काचा थोड्या उघड्या ठेवून एसी सुरू करा, एक-दोन मिनिटांनी काचा बंद करून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा.

बाजूच्या काचांना चिकटणारे जाळीचे पडदे मात्र चालत्या गाडीत लावू नका. "फिल्म नाही ना, पडदा आहे" हे उत्तर चालत नाही, कारण २०१२ च्या निकालात "दुसरं कुठलंही साहित्य" असे शब्द आहेत.

नवीन गाडी अजून घेतली नसेल तर यूव्ही-कट काच कुठल्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच मिळते ते विचारा. तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

गडद फिल्मबद्दल आणखी एक, मनापासून. पुढच्या दाराच्या काचेतूनच तुम्ही बाहेरचा आरसा बघता. जानेवारीच्या रात्री, मुरैनाच्या बाजूने धुक्यातून येताना मी काच खाली करून, कुडकुडत, आरशात बघत गाडी चालवली आहे, कारण काळ्या काचेतून मागून येणारा बिनदिव्यांचा ट्रॅक्टर दिसत नव्हता. मागच्या सीटवर आई आणि मुलं होती. कायदा नसता तरी मी पुढे पुन्हा गडद फिल्म लावली नसती.

८. जुनी फिल्म काढायची असेल तर

जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी. बाजूच्या काचांची फिल्म गरम वाफेने किंवा हीट गनने सैल करून सावकाश ओढली की निघते. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढावा.

मागच्या काचेवर लालसर-तपकिरी आडव्या रेषा असतात, त्या डिफॉगरच्या. त्या काचेवर वरून छापलेल्या असतात. तिथे लोखंडी ब्लेड लागला की रेषा तुटते आणि तेवढा पट्टा थंडीत धुरकट राहतो. आमच्या गाडीला हेच झालं, कारागिराने दहा मिनिटांत काम उरकलं आणि मला घरी आल्यावर कळलं. मागच्या काचेला ब्लेड नाही, फक्त वाफ, हे काम सुरू होण्याआधी बजावून सांगा. काढण्याआधी डिफॉगर सुरू करून चालतो का तेही दोघांनी मिळून बघून घ्या.

९. गाडीत ठेवायचे कागद

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात. त्यांच्याबरोबर फिल्मसाठी हे छापील ठेवा:

- फिल्मचं पक्कं बिल, त्यावर कंपनी, मॉडेल आणि गाडीचा क्रमांक
- लावल्यानंतर मोजलेले चारही काचांचे आकडे, दुकानाच्या शिक्क्यासह
- वॉरंटी कार्ड
- नियम १०० ची दुरुस्ती आणि केरळच्या निकालाची प्रत

विम्याचं एक लक्षात असू द्या. फिल्म ही अॅक्सेसरी आहे. पॉलिसीत ती वेगळी नोंदवलेली नसेल तर काच फुटल्यावर काचेचे पैसे मिळतील, फिल्मचे मिळतील असं धरू नका.

१०. पोलिसांनी थांबवलं तर

गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, चारही काचा खाली करा. आत कोण आहे ते दिसलं की निम्मा ताण तिथेच उतरतो. मग काच वर करून दाखवा, आकड्यांचा कागद द्या. "हमने नपवाई है, तिरपन है," एवढं शांतपणे सांगा. केरळचा निकाल तोंडावर फेकून वाद घालू नका, नाक्यावर त्याचा निवाडा होत नसतो.

तरीही चालान केलं तर पावती घ्या किंवा ई-चालानचा क्रमांक टिपून घ्या, आणि कुठलं कलम लावलंय ते वाचा. रोख दिलेत तर पावतीशिवाय देऊ नका. चालान मान्य नसेल तर त्याला आव्हान देण्याचा मार्ग असतो, तिथे वरचे कागद उपयोगी पडतात. फिल्म जागेवरच काढायला सांगितली तर निदान मागच्या काचेला ब्लेड लावू देऊ नका. तिथे फिल्म लावलीच नसेल, तर तो प्रश्नच येणार नाही.